घास आणि घोट

आमच्या ओस्तेरीयात, म्हणजे इटलीतल्या छोट्या खाणावळीत, वाइन विकत घेण्याचा एक नियम आहे आणि तो मालकीणबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलाय: नुसती चाखून कुठलीही बाटली घ्यायची नाही. विक्रेते सकाळी साडेदहाच्या सुमाराला नमुने घेऊन येतात. जेवणाच्या गर्दीला तेव्हा अवकाश असतो, टेबलांवर अजून कापड पडलेलं नसतं, आत काहीतरी रटरटत असतं. पहिला घोट नुसता घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा. दुसरा घोट स्वयंपाकघरातून जे येईल त्याच्या घासाबरोबर. बाटली घ्यायची की नाही हे दुसऱ्या घोटानंतर ठरतं, आणि आज काय शिजतंय हे विक्रेत्याला आधी कळू द्यायचं नाही. नवखे विक्रेते यावर नाराज होतात. त्यांच्याकडे त्या वाइनला मिळालेले गुण असतात, पदकं असतात, गुळगुळीत कागदावरची पत्रकं असतात. मालकीणबाई सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि मग आचाऱ्याला हाक मारतात.

हे गाव आल्बा. इटलीच्या वायव्येला पिएमोंते प्रदेश, त्याच्या दक्षिण भागात लांगे नावाच्या टेकड्या, आणि त्यांच्या पायथ्याशी आम्ही. या टेकड्यांवरचे द्राक्षमळे, शेजारच्या रोएरो आणि मोनफेर्रातोसकट, 2014 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. शरद ऋतूत इथे पांढऱ्या ट्रफलची जत्रा भरते आणि मग आठवड्याच्या सुट्टीला गावात गाडी लावायला जागा मिळत नाही. माझं काम सोमेलिएचं. म्हणजे तळघरातल्या बाटल्यांचा हिशेब ठेवायचा, वाइनची यादी करायची, आणि संध्याकाळी टेबलाटेबलावर जाऊन, कोणी काय मागवलंय ते बघून, त्याबरोबर काय प्यावं ते सुचवायचं.

मी तासगाव तालुक्यातली. द्राक्षं आमच्याकडे खायची, विकायची आणि बेदाणा करायची गोष्ट. आजोबा माळकरी. मटण शिजायचं ते परसातल्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत, आणि त्या दिवशी आजोबा लवकर जेवून देवळात जाऊन बसायचे. अशा घरातली मुलगी परदेशात लोकांना वाइन पाजते याचं गावाकडे अजून नवल आहे. कोणी विचारलं तर आई “हॉटेल लाइनला आहे” एवढंच सांगते. ते खोटंही नाही.

लांगेवर राज्य नेब्बिओलो या द्राक्षाचं. बारोलो आणि बार्बारेस्को या इथल्या दोन्ही थोर वाइन त्याच एका द्राक्षाच्या. कायदा कडक आहे. बारोलो अकरा गावांच्या हद्दीत पिकलेल्या निव्वळ नेब्बिओलोचीच करायची, किमान 38 महिने मुरवायची, त्यांतले 18 महिने लाकडी पिंपात, आणि मगच विकायला काढायची. बार्बारेस्कोला 26 महिने पुरतात. एवढी उठाठेव करून बाटलीतून जे ओतलं जातं ते दिसायला फिकट, विटकरीकडे झुकणारं. रंग बघून पाहुणे म्हणतात, हलकी दिसते. मग पहिला घोट घेतात आणि हिरड्या आवळतात.

तो तुरटपणा टॅनिनचा. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत ते असतं. तोंडात गेलं की लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, त्यामुळे लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ टाळ्याला घासल्यासारखी वाटते. नेब्बिओलोत टॅनिन भरपूर, त्यात आंबटपणाही खणखणीत. तरुण बारोलो नुसती पीत बसलं तर तिसऱ्या घोटाला माणूस ग्लास बाजूला ठेवतो. पण आमचा आचारी बटाट्याचे न्योक्की करतो आणि त्यांवर कास्तेलमान्यो चीज वितळवून घालतो. कुनेओच्या डोंगरातलं हे चीज मुरलेलं, भुसभुशीत, थोडं उग्र. त्याचा एक घास खाऊन तोच घोट घ्या. टॅनिनला चिकटायला आता चीजमधली प्रथिनं मिळालेली असतात, स्निग्धाचा थर हिरड्यांवर बसलेला असतो, आणि मघाचा खडबडीतपणा कुठे गेला ते कळत नाही. तो आंबटपणा, ज्यानं मघाशी तोंड वाकडं झालं होतं, तोच आता चीज धुऊन नेतो. पुढचा घास पहिल्यासारखाच लागतो. मग उलगडतात ते वास: वाळलेला गुलाब, डांबर, मुरत गेल्यावर चामडं, ओली माती.

म्हणून मालकीणबाईंचा नियम मला पहिल्यापासून पटला. इटलीतल्या बहुतेक वाइन जेवणाच्या टेबलावर वाढल्या आहेत. जेवण काढून घेतलं तर त्यांच्यात आंबटपणा आणि तुरटपणा जास्त उरतो, आणि त्यांचा गुण तोच दोष ठरतो.

हे शास्त्र इथे रीतसर शिकवलं जातं. इटलीच्या सोमेलिए लोकांची संघटना 1965 साली मिलानमध्ये स्थापन झाली. तिच्या अभ्यासक्रमाच्या तीन पायऱ्या, आणि तिसरी पूर्णपणे अन्न आणि वाइन यांची जोडी जुळवण्याची. त्यासाठी एक गोल आलेख असतो, पिएत्रो मेर्कादिनी यांच्या पद्धतीचा. एकात एक वर्तुळं काढलेली, त्यांवर पदार्थाचे गुण मांडायचे आणि समोरासमोर वाइनचे. तत्त्व असं की काही गुण एकमेकांच्या विरुद्ध उभे करायचे आणि काही एकमेकांच्या जोडीला. चीज किंवा लोण्यासारखी घट्ट चरबी असेल तर समोर आंबटपणा किंवा बुडबुडे हवेत. तेलकटपणा किंवा चावताना सुटणारा रस असेल तर अल्कोहोल आणि टॅनिन हवं, कारण त्यांनी तोंड कोरडं होतं. खारट, आंबट, कडवट पदार्थाला मऊ, गोलसर वाइन. गोडाला मात्र गोडच, तिथे विरोध चालत नाही. मसाल्याचा आणि वासाचा जोर दोन्हीकडे सारखा असावा, नाहीतर एक दुसऱ्याला गिळतो.

आलेख चांगला आहे. त्यामुळे “मला आवडलं” याच्या पुढे जाऊन का आवडलं ते सांगता येतं. पण रात्री साडेआठला सगळी टेबलं भरलेली असताना वर्तुळं काढत बसता येत नाही. शिवाय एका टेबलावर चौघं असतात आणि चौघांनी चार पदार्थ मागवलेले असतात. एकाचं डुकराचं मांस, दुसरीचा मासा, तिसऱ्याची फक्त कोशिंबीर, आणि चौथा म्हणतो मी जे ते खातील ते चाखीन. बाटली एकच. याचं उत्तर कुठल्याही आलेखात नाही. अनुभवानं एवढं कळलंय की अशा वेळी टॅनिन कमी आणि आंबटपणा भरपूर असलेली वाइन सुचवली तर कोणाचंच फारसं बिघडत नाही. माझ्या यादीत बार्बेरा या इथल्याच दुसऱ्या लाल वाइनच्या बाटल्या बारोलोपेक्षा कितीतरी जास्त खपतात त्या यामुळेच.

वासांच्या बाबतीत मला वेगळ्याच अडचणीतून जावं लागलं. वर्गात सगळे सहज सांगायचे: व्हायोलेट, रानातली स्ट्रॉबेरी, ज्येष्ठमधाचं मूळ, ओलं जंगल. त्यांच्या लहानपणात ते वास होते. माझ्या लहानपणात व्हायोलेट नव्हतं. माझ्याकडे आमसूल होतं, पहिल्या पावसानंतरची काळी माती होती, चुलीतला धूर होता. शिकवणाऱ्या बाई समंजस निघाल्या. म्हणाल्या, तुला जे आठवतं ते आधी लिही, आमचं नाव नंतर शिक. एका वासात मात्र मी वर्गात सगळ्यांच्या पुढे होते. वाइन टिकवण्यासाठी गंधकाचा वापर होतो आणि तो जास्त झाला की काडी ओढल्यासारखा झणका येतो. आमच्याकडे बेदाण्याला पिवळा रंग राहावा म्हणून शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. तो वास मला झोपेतही ओळखता येतो.

अजून एक गोष्ट सांगायला हवी, कारण इथे ती सगळ्यांना विचित्र वाटते. मी गोमांस खात नाही. पिएमोंतेच्या स्वयंपाकात हे म्हणजे निम्मा स्वयंपाक वजा करणं. बारोलोत तासन्‌तास शिजवलेला ब्रासातो, बारीक चिरून कच्चंच वाढलेलं वासराचं मांस, थंड कापांवर ट्यूना आणि केपरचा सॉस घातलेला वितेल्लो तोन्नातो, उकडलेल्या मांसाचा बोल्लीतो, सगळं त्यातलंच. या पदार्थांना वाइन मी कशी सुचवते? उरलेलं बघून. टेबल आवरताना माझं लक्ष ताटाकडे कमी आणि ग्लासाकडे जास्त असतं. मांस संपलं आणि ग्लासात तीन बोटं वाइन तशीच आहे, म्हणजे जोडी जमली नाही. दोन्ही बरोबरच संपली, म्हणजे जमली. पाहुणे तोंडावर “उत्तम” म्हणतात, सभ्य माणसं दुसरं काय म्हणणार. ग्लास खोटं बोलत नाही. आचारी आणि मी रात्री उशिरा यावर बोलतो, तो चवीचं सांगतो, मी ग्लासाचं. कच्च्या मांसाबरोबर मुरलेली बारोलो जड पडते आणि तरुण, कमी किमतीची नेब्बिओलो किंवा बार्बेरा बरी, हे मी एकही घास न खाता शिकले. आचाऱ्याचं मत तेच होतं, पण त्याला कारण विचारलं की तो खांदे उडवतो.

सुरुवातीला विक्रेत्यांकडच्या वाइनच्या गुणांबद्दल लिहिलं, त्यामागे इथलं एक मोठं भांडण आहे. 1986 साली पिएमोंतेतून निघालेल्या स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळलेलं सापडलं, माणसं मेली, आणि इटालियन वाइनचं नाव जगभर काळं झालं. त्याच दशकात लांगेतले काही तरुण उत्पादक फ्रान्समध्ये जाऊन आले होते. आपल्या बापजाद्यांच्या वाइन कडक, मळकट, विकायला अवघड आहेत असं त्यांचं म्हणणं. त्यांनी जुनी अवाढव्य पिंपं बाजूला सारून 225 लिटरची नवी फ्रेंच लाकडाची पिंपं आणली, साली रसात ठेवण्याचे दिवस कमी केले. एलिओ आल्तारे यांनी तर वडिलांच्या तळघरातली जुनी पिंपं चेन-सॉनं कापली. वडिलांना ते इतकं लागलं की त्यांनी मुलाला वारसाहक्कातून वगळलं. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लोंसारखे हट्टी म्हातारे. त्यांनी हातानं रंगवलेल्या लेबलावर लिहून टाकलं की इथे छोटी फ्रेंच पिंपंही नाहीत आणि बेर्लुस्कोनीही नाही, म्हणजे इटलीतला तो बडा राजकारणी.

नव्या वाइन गडद, मऊ, व्हॅनिलाच्या वासाच्या होत्या. अमेरिकेत रॉबर्ट पार्कर या वाइनसमीक्षकानं रुजवलेल्या शंभरपैकी गुण देण्याच्या पद्धतीचे ते दिवस, आणि तशा वाइनना भरघोस गुण पडले. ते साहजिकच होतं. एका सकाळी डझनावारी वाइन ओळीनं चाखायच्या, मध्ये पाणी आणि फार तर ग्रिसिनी म्हणजे कडक पावाच्या काड्या, तर जी मोठ्यानं बोलते तीच लक्षात राहणार. मीही अशा चाखण्यांना जाते. वेरोनाला एप्रिलमध्ये विनइटली नावाचा अवाढव्य बाजार भरतो, तिथे दुपारपर्यंत हिरड्यांची संवेदना संपलेली असते आणि मग गोडसर, मऊ काहीही छान लागतं. पण त्यातली एखादी भारी गुणांची, लाकडानं माखलेली बाटली आमच्या नियमाप्रमाणे न्योक्कीबरोबर उघडली की पदार्थ गप्प होतो. व्हॅनिला आणि कास्तेलमान्यो यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. आता ते भांडण बरंचसं निवलंय. जुन्यांनी तळघरं स्वच्छ केली, नव्यांनी लाकूड कमी केलं, आणि बरेच जण मधल्या वाटेवर आले. माझं मत विचाराल तर आल्तारेंच्या पिढीनं लांगेला पैसा आणि मान मिळवून दिला हे मान्य करायलाच हवं, पण जेवायला बसल्यावर मी मोठ्या जुन्या पिंपातली वाइन मागेन.

नोव्हेंबर आला, टेकड्यांवर धुकं बसलं, की आमच्याकडे बान्या काउदाच्या रात्री सुरू होतात. वर्षभरातलं माझं सगळ्यात आवडतं काम हे. भरपूर लसूण ऑलिव्ह तेलात मंद आचेवर, रंग न बदलता, लोण्यासारखा मऊ होईपर्यंत शिजवायचा आणि त्यात अँचोव्ही ही बारकी खारवलेली मासळी विरघळवायची. बस, एवढंच. मातीच्या छोट्या भांड्यात, खाली मेणबत्ती तेवती ठेवून ते गरम राखायचं आणि त्यात भाज्या बुडवून खायच्या: भाजलेल्या भोपळी मिरच्या, कोबीची पानं, कांदा, बीट, आणि कार्दो म्हणजे आर्टिचोकच्या कुळातल्या झाडाचे वाकवून पांढरे केलेले दांडे. शेवटी तळाला उरलेल्या तेलात अंडं फोडून पुसून खायचं. पिएमोंतेला समुद्र नाही. मासळी डोंगरापलीकडच्या लिगुरियाच्या किनाऱ्यावरून मिठासोबत यायची, आणि माइरा खोऱ्यातले शेतकरी हिवाळ्यात शेतीला सुट्टी असताना गावोगाव फिरून ती विकायचे. गरिबांचं जेवण ते. आज त्यासाठी महिनाभर आधी टेबल राखून ठेवतात.

अशाच एका रात्री परदेशी पाहुण्यांचं टेबल होतं. घरचे कर्ते गृहस्थ वाइनचे जाणकार, निदान किमतींचे तरी. त्यांनी बान्या काउदा मागवला आणि यादीतली सर्वांत महाग बारोलो. खारी मासळी आणि टॅनिन एकत्र आले की तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते. आता ही गोष्ट पाहुण्याला बायकोमुलांसमोर कशी सांगायची? मालकीणबाई म्हणाल्या, “सांगू नकोस. बाटली उघड, आणि सोबत आपल्याकडून बार्बेराचा एकेक छोटा ग्लास ठेव. भाज्यांसाठी म्हण.” बार्बेरात टॅनिन जवळजवळ नाही आणि आंबटपणा भरपूर, त्यामुळे ती तेल आणि लसूण दोन्ही कापते आणि मासळीशी भांडत नाही. पंधरा मिनिटांनी गृहस्थांनी खुणेनं बोलावलं. बारोलोवर काहीतरी झाकण ठेवा, म्हणाले, ती चीजबरोबर घेऊ, आणि याची एक बाटली आणा. बार्बेराची बाटली बारोलोच्या दहाव्या हिश्शाच्या किमतीची होती. धंद्याच्या दृष्टीनं दोन्ही बाटल्या विकल्या गेल्या आणि चीजबरोबर बारोलो चार घोटांतच ओळखीची झाली.

काही पदार्थांपुढे मात्र हात टेकावेत. आर्टिचोक खाल्ल्यावर पुढचा घोट खोटाखोटा गोड लागतो, त्यातल्या सिनारिनमुळे. व्हिनेगर जास्त पडलेली कोशिंबीर कुठलीही वाइन पाडते. अंड्याचा बलक जिभेवर लिंपला जातो, आणि इथे तर तळलेल्या अंड्यावर ट्रफल किसून द्यायची पद्धत आहे. तिथे मी टॅनिन झिजलेली, बरीच वर्षं मुरलेली बार्बारेस्को सुचवते. ज्यांचं बजेट तेवढं नाही त्यांना रोएरोची पांढरी आर्नेइस. ट्रफल इतकं महाग असतं की वाइनवर खर्च करायला लोक तसेही कचरतात.

लांगेबाहेरच्या एका जागेबद्दल, वाल्पोलिचेल्लाबद्दल, सविस्तर सांगते. वेरोनाच्या उत्तरेच्या या टेकड्यांत आमारोने ही वाइन होते. मी नोव्हेंबरात तिथे गेले होते. शेतघराच्या माडीवर नेलं. लांबच लांब खोली, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, आणि पसरट क्रेटांत एकाच थरात ठेवलेले कोर्विना द्राक्षांचे घड. पूर्वी बोरूच्या मांडण्या असायच्या, आता बहुतेक ठिकाणी क्रेट आहेत. जिना चढतानाच वास आला आणि मी ओळखला. बेदाण्याची शेड. फरक इतकाच की आमच्याकडे उन्हाळ्यात थॉम्पसनचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर टाकतात आणि दोन-तीन आठवड्यांत खडखडीत बेदाणा तयार. इथे थंडीत, काही न लावता, तीन-साडेतीन महिने सावकाश वाळू देतात आणि साधारण एकतृतीयांश वजन गेलं की थांबवतात. एक डिसेंबरच्या आधी ती द्राक्षं गाळायची परवानगीच नाही. मग साखर दाटलेला तो रस पूर्ण आंबवतात आणि पंधरा-सोळा टक्के अल्कोहोलची, कडवट-गोडसर, जाड वाइन तयार होते. आंबवणं मध्येच थांबवून साखर राखली तर ती रेचोतो, आमारोनेची गोड थोरली बहीण. थोरली खरोखरच, कारण आधी गोडच करायचे.

यानंतर काही काळानं आमच्याकडे सांगलीकडचं एक जोडपं आलं. मुलगी तोरिनोत शिकायला, तिला भेटायला आलेले. माझं आडनाव ऐकून काका सरसावून बसले. “म्हंजे तासगावची? कुणाची गं?” दोन मिनिटांत आमच्या मळ्याच्या वाटेवरची विहीर त्यांना माहीत असल्याचं निघालं. काकू अंडंही खात नव्हत्या, म्हणजे इथली ताजी पिवळीधमक तायारीन पास्ता बाद, कारण ती बलकांतच मळतात. अखेर पोलेंता आणि चीज ठरलं. काकूंनी पोलेंता चाखून “हे तर मक्याचं पिठलं” असा निकाल दिला. काका घेत नाहीत म्हणाले. मुलगी हात धुवायला गेल्यावर म्हणाले, घोटभर चालंल. मी आमारोने ओतली आणि ती कशी करतात ते सांगितलं. काका ग्लासाकडे बघत राहिले. “बेदाणा करायचा, आन्‌ त्याची वाइन? मग टनामागं किती सुटती?” सोमेलिएच्या परीक्षेत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि खरं तर पहिला प्रश्न हाच हवा. आमारोने महाग का, याचं उत्तर त्यातच आहे. मुरलेल्या चीजचा तुकडा खाऊन त्यांनी दुसरा घोट घेतला, मान डोलावली. काकूंना मी मोस्कातो द’आस्ती दिली, साधारण पाच टक्क्यांची, बारीक बुडबुड्यांची. त्यांनी विचारलं, “हे सरबतच ना गं?” मी सगळं नीट सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि ग्लास संपवला.

गावाकडून आलेले सगळे एकच विचारतात: आपल्या जेवणाबरोबर यातलं काय चालतं? पुण्यात मैत्रिणीच्या घरी मी हे सुट्टीत करून बघते, मालकीणबाईंच्याच नियमानं. तिखट हा मुख्य मुद्दा. मिरचीची आग अल्कोहोलनं भडकते आणि टॅनिननं ओरखडते. म्हणून तांबड्या रश्श्याबरोबर बारोलो किंवा आमारोने उघडणं म्हणजे पैसे रश्श्यात ओतणं. त्या जागी एमिलियाची लांब्रुस्को घ्या: लाल, फसफसणारी, अल्कोहोल कमी, आणि थोडी गोडसर मिळाली तर सोन्याहून पिवळं. बोलोन्या-मोदेनाकडे ती डुकराच्या चरबीदार पदार्थांबरोबर पितात. कांदाभजी आणि सुक्या मटणाबरोबर ती तितक्याच सहज जाते. रव्यात तळलेल्या सुरमईला सोआवे किंवा वेर्दिक्क्यो या पांढऱ्या वाइन. पिठलं-भाकरीला बार्बेरा, हे मला स्वतःला अनपेक्षित होतं. ओल्या नारळाच्या, कमी तिखट भाज्यांना मऊ पांढरी. पुरणपोळीबरोबर मोस्कातो पाणचट लागली, रेचोतोनं जरा तग धरला. ठेच्याला काही नाही. ठेच्याला ताकच.

बाहेरून आलेल्या बाटल्या महाग पडतात, म्हणून एक जवळची सांगते. सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे मोहिते-पाटील बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी दिल्लीच्या सेखरी बंधूंसह फ्रातेल्ली ही वाइनरी उभी केली. तिथली वाइन घडवण्यात तोस्कानाचे वाइनमेकर पिएरो मासी यांचा हात होता. क्यांतीचं सांजोवेझे द्राक्ष तिथे लावलंय. सांजोवेझेत आंबटपणा असतो, टोमॅटो-कांद्याच्या वाटणाशी तो जमतो, आणि त्यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही.

ती उघडाल तेव्हा एवढं करा. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं छापलेलं असतं, ते युरोपातल्या खोलीचं, सोळा-अठरा अंशांचं. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोली पस्तिसावर असते. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, पहिला घोट नुसता घ्या, मग जेवायला बसा आणि दुसरा घासाबरोबर घ्या. आवडली की नाही ते त्यानंतर ठरवा.